साहेब लहानच होता

एप्रिल निम्मा सरला की रायपूरच्या बाजारात तेंदू येतात. पिवळसर, लिंबाएवढी, डोक्यावर वाळक्या देठाची चकती मिरवणारी ही रानातली फळं टोपल्यांत भरून बायका गावाकडून येतात आणि भिंतीच्या कडेला सावलीची पट्टी शोधून बसतात. गर गोड, पण जिभेवर तुरटपणा ठेवून जाणारा. कॉलेजात तेव्हा परीक्षा ऐन भरात असतात. मी पर्यवेक्षणाची पाळी संपवून बाहेर पडते, थोडे तेंदू घेते, आणि पिशवी हातात आली की तो एक उन्हाळा माझ्याबरोबर घरापर्यंत चालत येतो.

तेंदू पिकतात त्या दिवसांत सागाचं रान उघडं असतं. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, सुधाकर नावाच्या एका जवानानं शिकवलं. तो म्हणायचा, "पानं झडली का दूरवरचं दिसते, ताई. म्हणून आमाले अंदर पाठवते. पण आपल्याले दिसते तसं त्यायलेबी दिसते नं आपून." तेव्हापासून उन्हाळ्याकडे मी साध्या नजरेनं पाहू शकले नाही. माझ्यासाठी जो परीक्षांचा मोसम, तोच खाली बस्तरात दुसऱ्याच कशाचा तरी मोसम.

तेव्हा राज्य नवीन होतं. राजधानी झालो म्हणून शहराला अजून अवघडल्यासारखं होत होतं. रस्ते खणलेले, बंगल्यांवर रोज नव्या पाट्या, लाल दिव्याच्या गाड्या आणि त्यांच्यापुढे तशाच बसलेल्या म्हशी. आम्ही पुरानी बस्तीत भाड्यानं राहायचो. बाबा रेल्वेच्या कचेरीत कारकून, मूळचे अकोल्याकडचे. आई समता कॉलनीच्या बाजूला एका खाजगी इस्पितळात नर्स. घरात आईबाबा वऱ्हाडीत बोलायचे, धाकटा भाऊ हिंदीत उत्तर द्यायचा, आणि मी दोन्हींच्या मधलं काहीतरी.

मला फौजेत अधिकारी व्हायचं होतं. आता कारण शोधायला बसलं की देशप्रेम वगैरे मोठे शब्द समोर येतात, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण मुळाशी गोष्ट छोटी होती. आमच्या घरी सगळेच ऐकून घेणारे होते. साहेबांचा फोन आला की बाबा जेवणावरून उठून, उभे राहून बोलायचे. "जी सर, जी सर." फोनवर कोण पाहतं, तरी उभे. आई डॉक्टरांचं ऐकायची. मला ऐकायचं नव्हतं, सांगायचं होतं. मी 'चला' म्हणावं आणि रांगच्या रांग चालू लागावी. कॉलेजात कॅडेट होते, परेडला माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जायचा, आणि त्या आवाजावर मी खूश होते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी लेखी परीक्षा पास झाले. मे महिन्यात भोपाळला मुलाखतीला बोलावणं होतं, पाच दिवसांच्या. तिथून निवड झाली की चेन्नईची अकादमी. बाबांनी अख्ख्या गल्लीला पेढे दिले. आई म्हणाली, "आधी पेपर दे नीट."

त्या उन्हाळ्यात बस्तरातले जखमी घेऊन शहरावरून हेलिकॉप्टरं फार जायची. सुरुवातीला मुलं गच्चीवर धावायची, मग धावेनाशी झाली. आमच्या घरी त्या आवाजाचा अर्थ एवढाच असायचा की आई आज उशिरा येईल. एका सकाळी मी पेपरला निघताना ती म्हणाली, "मंजू, पेपर झाला का जरा इस्पितळात येऊन जाशीन का? वणीकडचा एक पोट्टा हाये, जवान. कोणाशी बोलतच नाही. डॉक्टर हिंदीत विचारून राहिले न तो भिंतीकडे पाहून राहिला."

आईनं मला तिथे मुद्दाम बोलावलं का, हा प्रश्न मी तिला पुष्कळ वर्षांनी विचारला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्याले मराठी पायजे होती. बस." आणि भाजी निवडत राहिली. मला ते पूर्ण पटलेलं नाही.

वॉर्डात फिनाईलचा आणि त्याखाली आणखी कशाचातरी वास होता. कूलरचं पाणी टपटपत होतं. तो कोपऱ्यातल्या खाटेवर होता. रुंद चेहरा, दाढीचे खुंट, सव्वीस-सत्तावीसचा असेल. पायांवर चादर. उजवीकडे चादरीचा उंचवटा गुडघ्याच्या जरा खाली संपत होता आणि पुढे ती गादीवर सपाट पडली होती. मी तिकडे न पाहण्याचा प्रयत्न केला.

"भाऊ, कोणतं गाव तुमचं?"

त्यानं मान वळवली. "मराठी हा तुमी?"

"हो. इथल्या सिस्टरची मुलगी. बाबा अकोल्याकडचे."

"मंग अशा काहून बोलता, हिंदीवानी?"

मला हसू आलं. तो हसला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "ताई, माया उजव्या पायाचा अंगठा खाजून राहिला. कवाचा."

मी सपाट चादरीकडे पाहिलं. 

"मले ठाऊक हाये तो नाही," तो म्हणाला. "पण खाजते त्याचं काय करू?"

मी वाकले आणि जिथे त्याचा अंगठा असायला हवा होता तिथली चादर नखांनी खाजवली. त्यानं डोळे मिटले. "थोडं खाली," म्हणाला. मी थोडं खाली खाजवलं.

तो सुधाकर. त्यानंतर पेपर संपला की मी रोज तिकडे जायचे. आई डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा द्यायची. बाबाही दोनदा येऊन बसले. कापूस, पऱ्हाटी, वणीची जत्रा असल्या गप्पा मारून गेले, आणि जाताना दारात थांबून चष्मा पुसत राहिले. सुधाकर निमलष्करी दलात शिपाई होता. घरी आई, भाऊ, थोडी कोरडवाहू शेती. त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडच्यांचा आता फोन येत नव्हता. हे त्यानं पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

मी अधिकारी होणार हे बाबांनीच त्याला अभिमानानं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर म्हणाला, "या मॅडम." आवाज बदललेला होता.

"मी फौजेत जाणार, भाऊ. तुमचं दल वेगळं. आणि मुलींना लढाईच्या तुकडीत घेतही नाहीत."

"वर्दी तं वर्दीच असते. हुकूम तं हुकूमच असते."

मग त्यानं ते सांगितलं. त्याआधी इस्पितळात त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तुकडी परतत होती. उन्हं उतरायच्या आत कॅम्प गाठायचा होता. दोन वाटा होत्या. एक कच्चा रस्ता, मध्ये छोटी पुलिया. दुसरी वाट धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भाताच्या सुकलेल्या खाचरांतून, लांबची, उघड्यावरची. पुढे चालणारा रामसेवक, बिहारचा, सुधाकरचा जिवलग, म्हणाला होता, साहब, सड़क ठीक नहीं लग रही. साहेबानं घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, सड़क से चलो.

"पुलियाखाली सुरुंग होता," सुधाकर म्हणाला. "रामसेवक पुढं होता. त्याचं काई सापडलंच नाही धड. आणखी काईजण गेले. मी मांगं होतो म्हणून पायावर भागलं." तो छताकडे पाहत होता. "साहेब लहानच होता. तुमच्याहून असीन चार-पाच वर्सानं मोठा. मिशीबी धड नव्हती त्याले."

त्या दिवशी घरी जाताना मी परेडच्या मैदानावरून गेले. तिथे कुणी नव्हतं. मी हळूच 'आगे बढ़' म्हणून पाहिलं. स्वतःचा आवाज ऐकून मला कसंसंच झालं.

पुढच्या रविवारी साहेब आला. मी खाटेजवळच होते. खरंच लहान होता. मेरठकडचा. गुळगुळीत दाढी केलेली, एका मनगटाला बँडेज, हातात द्राक्षांची पिशवी. परक्याच्या घरी आलेल्या पोरानं उभं राहावं तसा तो उभा होता. सुधाकरचा हात सवयीनं कपाळापर्यंत गेला. मग त्यानं तो खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"कैसे हो, सुधाकर?"

साहेब स्टुलावर बसला. द्राक्षं कुठे ठेवावीत ते त्याला कळत नव्हतं. मी ती घेतली.

मग भिंतीकडे पाहतच सुधाकर बोलू लागला, मराठीत, माझ्याशी. त्याला हिंदी उत्तम यायची. "विचारा त्याले, ताई. रामसेवकनं सांगतलं होतं का नाही? काहून नेलं आमाले त्या रस्त्यानं? घड्याळ पाहत होता. कोनती गाडी चुकून राहिली होती त्याची? विचारा. न रामसेवकच्या घरवालीले काय सांगतलं त्यानं, तेबी विचारा."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. "क्या कह रहे हैं?"

मला खोटं सांगता आलं असतं. दुखतंय म्हणतात, असं काहीतरी. आई मागच्या खाटेपाशी सलाईन बदलत होती, तिचे हात थांबलेले मला जाणवले. मी सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता. हिंदीत ते अधिकच उघडं वाटलं.

तो ऐकत असताना त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग म्हणाला, "ऊपर से कहा गया था कि अँधेरे से पहले..." तिथे थांबला. "नहीं. ऊपर का नाम नहीं लूँगा. सड़क से चलने को मैंने कहा था." आणि थोड्या वेळानं, "खेतों से जाते तो क्या होता, मुझे नहीं मालूम. रोज़ सोचता हूँ. नहीं मालूम."

सुधाकर वळला. पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहत हिंदीत म्हणाला, "साहब, अब आप यहाँ मत आइए."

साहेब उठला, टोपी नीट केली आणि गेला.

पण तो येत राहिला. आत पाऊल टाकलं नाही, बाहेर वऱ्हांड्यातल्या लाकडी बाकावर बसायचा. कधी तास, कधी अधिक. हातात वर्तमानपत्र नाही, फोन नाही. मी बाहेर आले की विचारायचा, "बुखार उतरा? खाना खा रहा है?" आत सुधाकरला ठाऊक होतं. तो विचारायचा, "बसला हाये का?" मी हो म्हटलं की पुन्हा भिंतीकडे वळायचा. बोलवा असं तो कधी म्हणाला नाही.

त्या बाकावर मी साहेबाला माझ्या भोपाळच्या मुलाखतीबद्दल सांगितलं. त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं, ओळखीचा विषय निघाला म्हणून असेल. म्हणाला, तिथे जाऊन मला नेतृत्व करायचंय असं सांगू नकोस, सगळे तेच सांगतात. मग स्वतःच्या प्रशिक्षणाबद्दल बोलू लागला. वाळूचा नकाशा करतात म्हणे. डोंगर, नाले, रस्ते, सगळं वाळूत. त्यावर काड्या ठेवून सांगायचं, माझी माणसं इकडून नेईन. "रेत के नक़्शे पर मैं कभी ग़लत नहीं हुआ," तो म्हणाला. "एक बार भी नहीं."

मी विचारलं, "पुन्हा करावं लागलं तर?"

"अगले महीने जाना है," तो म्हणाला. "उसी तरफ़."

भोपाळ उन्हानं फटफटीत होतं. छातीवर नंबराचं कापड बांधून आम्ही मुली पाच दिवस धावलो, बोललो, चित्रं पाहून गोष्टी लिहिल्या. माझं बरं चाललं होतं, मलाही ते कळत होतं. चौथ्या दिवशी मैदानावर एकेकीला कमांडर करतात. दोन सोबती निवडायच्या, फळी, दोर आणि एक पिंप घेऊन अडथळा पार करायचा. खेळच म्हणायचा. मी निवडलेली एक नांदेडची मुलगी होती, हसरी. मी म्हटलं, "तू आधी जा." ती गेली. फळी सरकली आणि ती खाली पडली. घोटा मुरगळला, बाकी काही नाही. ती स्वतःच म्हणत होती, काही नाही गं, चल. परीक्षक म्हणाले, "आगे बढ़ो, कमांडर. समय है अभी." दुसरी मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती. मी काही सांगेन याची ती वाट पाहत होती. फळी कुठे टाकायची हे मला स्वच्छ दिसत होतं. पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हाही मी तशीच उभी होते.

मुलाखतीत त्यांनी शांतपणे विचारलं, तुमच्या निर्णयानं माणसं मेली तर? पाठ केलेलं उत्तर होतं माझ्यापाशी. मी म्हटलं, "पता नहीं, सर." ते काही लिहीत नव्हते, नुसते पाहत होते. शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर वाचले, त्यात माझा नव्हता. उरलेल्यांना जेवणाची पाकिटं देऊन बसमध्ये बसवलं. निवड मंडळाची चूक झाली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

स्टेशनवर बाबा घ्यायला आले होते. "होते असं. पुढच्या टायमाले," एवढंच म्हणाले आणि माझी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. पुढची वेळ आलीच नाही. मी अर्जच केला नाही. भ्याले का? मरणाला नाही भ्याले, निदान त्या वयात मरण कुणाला खरं वाटतं? 'चला' म्हटल्यावर माणसं चालतात, ही जी गोष्ट मला हवीहवीशी होती, तिचीच मला धास्ती बसली.

सुधाकरनं विचारलं, "काय झालं?"

"नाही झालं."

"बरं झालं," तो म्हणाला. नंतर बराच वेळ नखानं भिंतीचा पोपडा काढत राहिला. "का वाईट झालं म्हणू? तुमी विचारलं असतं रामसेवकले. ऐकलं असतं त्याचं." आणि लगेच, "नाही. विचार करत उभ्या राहिल्या असत्या तं सगळेच गेले असते." त्याला ते गणित कुठल्याच बाजूनं सुटत नव्हतं. मलाही सुटलेलं नाही.

जूनच्या सुरुवातीला त्याचा भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला. चाकाच्या खुर्चीवरून वऱ्हांड्यातून जाताना सुधाकरनं बाकाकडे पाहिलं. तो रिकामा होता. साहेबाची तुकडी केव्हाच खाली गेली होती.

आता आमच्या कॉलेजच्या मैदानावर सकाळी मुली धावतात. कोण वजन उतरवायला धावतेय आणि कोण भरतीसाठी, हे मला लांबून कळतं. गेल्या आठवड्यात त्यांतली एक, अभनपूरची, घामानं निथळत माझ्यापाशी आली. "मैडम, सब बोलते हैं आप भी गए थे भोपाल. मैं जाऊँ?" मी तिच्याकडे पाहत राहिले. किती सुंदर धावत होती ती. शेवटी म्हणाले, "धावण्याआधी पाणी पीत जा. ऊन वाढलंय." "हव मैडम," म्हणून ती पळाली. तिनं विचारलेलं तिथेच राहिलं. अजून तिथेच आहे.

सुधाकर गावी परतला त्याच्या पुढच्या वर्षी, पुन्हा एप्रिलमध्येच, आई दुपारची घरी आली. एरवी ती आधी पाय धुते. त्या दिवशी चपला न काढता पलंगावर बसली. म्हणाली, "मंजू, तो पोट्टा आठवते? बाकावर बसत होता तो. साहेब." मी तिच्याकडे पाहिलं. "आज आणला. हेलिकॉप्टरमधीच गेला म्हणे." तिच्या हातात साडीचा पदर होता आणि ती त्याला घड्या घालत होती, उलगडत होती. सोबतच्या जखमी जवानानं तिला सांगितलं होतं. या वेळी साहेबानं रस्ता टाळला होता. बांध्यांतून नेत होता सगळ्यांना, स्वतः पुढे चालत. बांध्यांपलीकडच्या झाडीतून गोळ्या आल्या.

मी सुधाकरला फोन केला. त्याला तोपर्यंत तालुक्याच्या कचेरीत बैठं काम मिळालं होतं, नकली पायावर चालायला शिकला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "बांध्यांतून?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. त्यानं फोन ठेवून दिला.

महिन्याभरानं त्याचाच फोन आला. मेरठला जाऊन आलो, म्हणाला. एकटाच. गाड्या बदलत, नकली पाय दुखत होता तरी. पत्ता कॅम्पातून मिळवला. साहेबाची आई घरी होती. तिनं त्याला बसवलं, जेवू घातलं, पायाकडे पाहिलं आणि कुठे गेला ते विचारलं. ह्यानं सांगितलं, तुमच्या मुलाच्या हाताखाली होतो. आणखी काही सांगितलं नाही. ताट उचलताना तिनं विचारलं, बेटा, मेरा लड़का अच्छा अफ़सर था?

"मग काय सांगितलंत, भाऊ?"

पलीकडे मागे कुठेतरी शेळ्या ओरडत होत्या.

"हो म्हटलं," सुधाकर म्हणाला. "घरी आलो तं माया मायनंबी तेच विचारलं. कसा होता रे तुया साहेब, चांगला होता का? तिले नाही म्हटलं." मग म्हणाला, "दोघीपाशीबी खरंच बोललो, ताई."